समुद्रात खांब गेला का?

आमच्या महाळुंग्याच्या कंपनीत पवनचक्कीच्या खांबांचे तुकडे एकमेकांना जोडणाऱ्या लोखंडी रिंगा बनतात. आत उभं राहून दोन्ही हात पसरले तरी कडा लागत नाहीत, एवढ्या मोठ्या. मी तिथं क्वालिटीला आहे. रिंग तपासायची, शिक्का मारायचा, ट्रेलर गेटबाहेर गेला की आपला संबंध संपला. मला मात्र चुटपुट लागायची, की ही जाते कुठं? ते शोधता शोधता मी इंटरनेटवरच्या एका यादीपाशी पोचले. जगभरात समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांच्या प्रकल्पांची यादी. कोणीही वाचावी, कोणीही दुरुस्त करावी. पत्रकार, विद्यार्थी, कंपन्या सगळे तिथून माहिती उचलतात, आणि ती सांभाळणारे आम्ही इनमिन पाच-सात जण. देश वेगळे, पगार नाही, एकमेकांचे चेहरेही पाहिलेले नाहीत.

काम किचकट. एखादा प्रकल्प ‘प्रस्तावित’मधून ‘बांधकाम चालू’मध्ये न्यायचा, रद्द झालेला काढायचा, कोणी फुगवून टाकलेली क्षमता खाली आणायची. बाबा मला समुद्राची तलाठी म्हणायचे. “समुद्र बघितलाय हिनं एकदा, तो पण शाळेच्या सहलीत,” असं वर पाहुण्यांना सांगायचे. मला राग यायचा नाही. खरं तर बरंच वाटायचं.

आमचा एक नियम फार कडक आहे. समुद्राच्या तळात पहिला खांब ठोकला गेल्याशिवाय ‘बांधकाम चालू’ लिहायचं नाही. मला तो ऐकताक्षणी पटला, कारण शॉपवर आम्ही तेच करतो. मशीन लागली, ऑपरेटर उभा आहे, माल आलाय, तरी पहिला पीस पास होईपर्यंत जॉब चालू झाला असं मी कोणाला म्हणू देत नाही. त्यावरून शिव्याही खाल्ल्यात.

मग आपल्याच किनाऱ्यावरचा एक प्रकल्प यादीत आला आणि थेट दापोडीच्या आमच्या घरात शिरला.

माझा धाकटा भाऊ चाकणला मेंटेनन्समध्ये होता, पर्मनंट. आमच्या घरात देव नाहीत, पण पर्मनंट हा शब्द आहे. बाबांची उमेदीची वर्षं बंद पडलेल्या कारखान्याच्या गेटवर गेली, तेव्हापासून. भावाला त्या प्रकल्पाच्या ठेकेदाराकडून बोलावणं आलं. काम नवीन, शिकायला मिळणार, पुढं थेट समुद्रात जायचं. तिथल्या बंदरावर नारळ फुटला होता, पुढाऱ्यांनी कुदळ मारली होती, पेपरात फोटो आला होता. आमच्या पट्ट्यात नारळ फुटला म्हणजे काम सुरू झालं, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. शेडचे पत्रे चढायच्या आधीच पोरं अर्ज घेऊन गेटवर येतात.

बाबा त्याला नाही म्हणाले नाहीत. “ताईच्या यादीत काम चालू म्हणून येऊ दे, मग खुशाल राजीनामा दे,” एवढंच म्हणाले.

भाऊ माझ्याकडं आला. “ताई, नारळ फुटला, क्रेन आली. अजून काय पाहिजे?”

“समुद्रात खांब गेला का?”

“तू तुझ्या कंपनीचा नियम समुद्राला लावतेस राव!”

“माझा नाही, यादीचा नियम आहे.”

तो चप्पल घालून निघून गेला. मला फार वाईट वाटलं, पण मी यादीतली ओळ हलवली नाही.

पुढच्या आठवड्यात कँटीनमध्ये जेवताना मोबाइलवर यादी उघडली, तर तो प्रकल्प ‘बांधकाम चालू’मध्ये. पुरावा म्हणून नारळाचा तो फोटो. मी भावाला फोन लावला. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. “मीच बदललं. काल बाबांना दाखवलं, ते हो म्हणाले. आज राजीनामा दिला. नोटीस संपेपर्यंत तरी राहू दे ना, ताई.”

तिथंच बसून मी ओळ परत ‘प्रस्तावित’मध्ये नेली आणि कारण लिहिलं, की नारळ हा बांधकामाचा पुरावा नाही. संध्याकाळी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, अजून राजीनामा मागं घेता येईल, तुम्ही बोला.

बाबा टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, “त्यानंच लिवलंय हे मला कळलं होतं. मोबाइल दाखवला आन् लगीच खिशात घातला त्यानं.”

“मग हो का म्हणालात?”

“पोरी, माझ्या तोंडातनं ‘नाही’ निघत न्हवतं. तू काय यादीतली वळ हलवणार न्हाईस, म्हणून तुझ्यावर ढकललं. पण पोरगं खोटं लिवण्यापतुर आलं म्हटल्यावर आता कुठवर धरून ठेवू?”

मी भडकले. दोघांनीही माझ्या खांद्यावर बंदूक ठेवली होती, आणि मी आपली नियम सांभाळते म्हणून ताठ मानेनं फिरत होते. राजीनामा तसाच राहिला. भाऊ महिनाभरानं बॅग घेऊन गेला.

सुरुवातीला त्याचे फोन हसरे असायचे. माशांचे भाव सांगायचा, किनाऱ्यावरचा वारा ऐकवायचा. मग फोन आखूड होत गेले. परवा मीच सरळ विचारलं, “समुद्रात खांब गेला का रे?”

“क्रेन परत गेली, ताई. आम्ही चार-पाच जण नुसतं यार्ड राखतोय. बाबांना सांगू नकोस.”

“परत ये मग.”

“कुठं येऊ? माझ्या जागेवर माणूस लागला.”

जेवत जा, एवढंच मी म्हणाले.

आज यादीच्या चर्चेच्या पानावर आमच्यातल्या एकानं विचारलंय, या प्रकल्पाची बऱ्याच दिवसांत बातमी नाही, कोणाला काही माहीत आहे का? नाहीतर यादीतून काढू या. आमच्यात ऐकीव गोष्ट चालत नाही, छापून आलेलंच लागतं. सख्ख्या भावानं यार्डातून फोनवर सांगितलेलं ऐकीवच. या नियमाचा मला पहिल्यांदा राग आला, आणि त्याच्यामागं लपायला मिळतंय म्हणून हायसंही वाटलं. याची लाज वाटते.

भाऊ अजून त्याच यार्डात आहे. मी लिहिलं, ‘काढू नका. थोडं थांबा.’ लगेच उलट प्रश्न आला, कशाच्या आधारावर?