चोवीसच्या चोवीस पास

रविवारी दुपारी चारच्या सुमारास सासऱ्यांनी चाळीसपैकी चाळीस गुण मिळवले, आणि त्यांच्या सुनेने, म्हणजे बाईंनी, हातातला कप खाली ठेवला.

सासरे म्हणजे पंचेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता हात थरथरतात म्हणून दुकान बंद, पण नजर अजून तीच. गॅसच्या सिलिंडरबद्दल त्यांना एवढंच ठाऊक, की घरात पाहुणे असले की तो हमखास संपतो. आणि या माणसाने सुनेच्या लॅपटॉपवर गॅस भरण्याच्या कारखान्यातल्या तपासनिसांची परीक्षा दिली होती. अकरा मिनिटांत. एकही चूक न करता.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? दोन चित्रं दाखवतेस, त्यातलं बाद कुठलं विचारतेस. उन्हातला सिलिंडर बाद, सावलीतला चांगला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "या वेळी सोपी काढलीस. मागच्या वेळी निदान डोकं खाजवायला लागलं होतं."

बाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. पहिली जोडी: डावीकडचा सिलिंडर तळाशी गंजलेला, मागे लख्ख ऊन. दुसरी जोडी: उजवीकडच्याची तपासणीची तारीख उलटून गेलेली, जमिनीवर उन्हाने पडलेली त्याची काळीभोर सावली. तोंडातलं रबरी वॉशर झिजलेलं दाखवणारं अगदी जवळून काढलेलं चित्र होतं, त्यातसुद्धा पितळेवर उन्हाची तिरीप. चाळीस जोड्या. चाळीसही वेळा ऊन.

हे कसं झालं ते आठवायला त्यांना वेळ लागला नाही. कारखान्यात बाद झालेले सिलिंडर मागच्या अंगणात टाकतात. चांगले आत, सिलिंडर पुढे सरकवणाऱ्या पट्ट्याजवळ, ट्यूबलाइटखाली. दोन दुपारी स्वतः कॅमेरा घेऊन त्यांनी बादांचे फोटो अंगणात काढले, चांगल्यांचे आत. तेव्हा त्यांना फक्त सिलिंडर दिसत होते. ऊन दिसलंच नाही.

याच चित्रांवर शिकलेली आणि याच परीक्षेत पास झालेली चोवीस नवी माणसं सोमवारी सकाळी सातला पट्ट्यावर उभी राहणार होती.

बाई मुळात प्राथमिक शाळेतल्या. सोळा वर्षं शिकवलं. दुसरीच्या वर्गाला घड्याळ शिकवताना फळ्यावरचं चित्र पोरांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनी सासऱ्यांच्या दुकानातली बत्तीस मेलेली घड्याळं पिशवीत भरून नेली होती आणि प्रत्येक पोराच्या हातात एकेक ठेवलं होतं. चार दिवसांत सगळा वर्ग वेळ सांगायला लागला. पाच घड्याळांचे अवयव वेगळे झाले, मुख्याध्यापिकांनी लेखी समज दिली, ते वेगळं. पण तेव्हापासून बाईंना एक चाळाच लागला. काय शिकवायचं यापेक्षा ते समोरच्याच्या आत कसं उतरेल, याचा. संध्याकाळच्या वर्गात जाऊन त्यांनी प्रशिक्षणाचं साहित्य तयार करण्याचा वर्षाचा अभ्यासक्रम केला. हॉस्पिटलच्या सफाई कामगारांसाठी एक धडा केला, तळहाताला खडूची पूड लावून हात किती धुतले जातात आणि किती नाही ते ज्याचं त्याला दाखवणारा. त्यावरून या कारखान्याच्या प्रशिक्षण विभागाने बोलावलं. बाईंनी शाळेची कायम नोकरी सोडली. नवरा आठ दिवस मोजकंच बोलला. आईने फोनवर रडून घेतलं.

कारखान्यात वर्षभर चाचणीवर घेतलं होतं. महिनाअखेर वर्ष संपत होतं. कायम करायचं की नाही, ते येत्या बुधवारच्या बैठकीत ठरायचं होतं.

आणि ठरल्यासारखंच होतं. आधी तपासनिसांना साठ पानी पुस्तिका देत, ती सगळे उशाला घेत. बाईंनी पुस्तिका काढून टाकली. एकही व्याख्या नाही, नुसती चित्रं. बघा, निवडा, पुढे जा. चोवीसच्या चोवीस पास झाले, तेव्हा मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. नवी माणसं तयार आहेत म्हणून शनिवारी जुने तपासनीस दुसऱ्या कारखान्यात पाठवूनही दिले.

बाई आपला प्रत्येक धडा आधी सासऱ्यांवर करून बघायच्या. त्यांना कळलं तर सगळ्यांना कळेल, हा हिशेब. या एकाच वेळी केलं नव्हतं. कंपनीचं साहित्य बाहेर दाखवायचं नाही, असं प्रशिक्षण विभाग सांभाळणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं. शेवटी परीक्षा होऊन गेली, निकाल लागला, सासरे रुसून बसले, म्हणून आज त्यांच्या समाधानासाठी लॅपटॉप उघडला होता.

बाईंनी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, परीक्षेत गडबड झालीय."

"कुणी कॉपी केली?"

"नाही. परीक्षाच चुकलीय." आणि त्यांनी ऊन-सावलीचं सांगितलं.

पलीकडे जरा वेळ टीव्हीचा आवाज आला, मग दार लावल्याचा. "बाई, चोवीस माणसं काय आंधळी आहेत का? काहीतरी शिकलीच असतील ना."

"असतील. पण किती, ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

"बुधवारी तुमचं नाव मी स्वतः घेऊन जाणार आहे. आता हे वर कळलं तर मी कुठल्या तोंडाने नेऊ?"

"मी लेखी देते."

"काही लिहू नका. उद्या भेटून बोलू. दहाला येतेच मी."

"पट्टा सातला सुरू होतो."

"तीन तासांत आभाळ नाही कोसळत, बाई."

फोन ठेवला तरी बाईंच्या डोक्यातला पट्टा थांबेना. तासाला सहाशे सिलिंडर. तीन तासांत अठराशे. त्यातला एक जरी गळका निघाला तरी तो कुणाच्या तरी ओट्याखाली जाऊन बसणार होता.

नवरा आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "फोरमन असतो ना तिथे? तो बघेल."

"एक फोरमन, तासाला सहाशे सिलिंडर. तूच बघ."

"शाळेत असतीस तर..."

"शाळेत असते तर काय?"

"तर रविवारी एवढं तोंड पाडून बसली नसतीस, एवढंच." त्याने बाही उलटी केली. मग विचारलं, "शाळेत परत घेतील का?"

"त्रेचाळिसाव्या वर्षी? माझ्या जागेवर दोघी येऊन गेल्या."

तो पुन्हा शर्टाकडे वळला. कॉलर संपवून, इस्त्री उभी करून म्हणाला, "पावणेसहाला निघू. गाडीने सोडतो. बसची वाट बघत बसू नकोस."

सोमवारी सव्वासहाला बाई कारखान्याच्या शेडमध्ये फोरमनसमोर उभ्या होत्या. त्यांना मॅडमपेक्षा याचीच जास्त धास्ती. तो त्यांना तोंडावर 'बाई' म्हणायचा आणि पाठीमागे 'चित्रवाल्या'. सिलिंडर हाताने शिकायचा असतो, असं त्याने पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, आणि चोवीसचा निकाल लागल्यावर गप्प बसला होता. आता त्याला उट्टं काढायची संधी होती.

त्याने ऐकून घेतलं. कापडाला हात पुसले. एकेक बोट.

"मागून वीस सिलिंडर आणतो," तो म्हणाला. "आठ बाद, बारा चांगले. खडूने आकडे घालतो. कुठले आठ, ते तुम्हालाही सांगणार नाही."

साडेसहाला नवी माणसं आली. कोरे गणवेश, छातीवर नवी ओळखपत्रं. कामाला लागण्याआधी एक छोटी तपासणी आहे, एवढंच बाईंनी सांगितलं. वीस सिलिंडर ट्यूबलाइटखाली ओळीने उभे होते. सहा-सहा जणांनी आत यायचं, बाद वाटतील त्यांचे आकडे चिठ्ठीवर लिहायचे.

पहिली चिठ्ठी पूर्वी कापडाच्या दुकानात काम केलेल्या मुलीची. फोरमनने पडताळली: आठच्या आठ बरोबर. दुसरी, सात. बाईंनी मान वर करून फोरमनकडे पाहिलं.

"अजून बावीस आहेत," फोरमन म्हणाला.

तिसरी, तीन. चौथी कोरीच.

"लिहिलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"सगळे चांगलेच आहेत की," तो माणूस म्हणाला, आणि हसला. त्याला परीक्षेत एकोणचाळीस होते.

त्यानंतर चिठ्ठ्या येत गेल्या तशा बाई त्या न बघताच फोरमनकडे सरकवत गेल्या. दोन. तीन. एक. पाच. पुन्हा दोन. शेवटच्या तुकडीत बाईंच्याच वयाची एक बाई होती. तिला चाळीसपैकी चाळीस मिळाले होते, त्यामुळे सगळे तिला 'चाळीसवाली' म्हणत. ती ओळीसमोरून दोनदा गेली, तिसऱ्यांदा गेली, आणि थांबली.

"इथे सगळे सारखेच दिसतात हो," ती म्हणाली. "स्क्रीनवर कसं पटकन कळायचं."

चोवीसपैकी पाचच जणांना सात किंवा आठ बाद ओळखता आले होते. चौदा नंबरच्या सिलिंडरचं वॉशर झिजलं होतं, वर त्याची तारीख उलटून दोन वर्षं झाली होती. तो सतरा जणांनी पास केला होता.

फोरमनने घड्याळाकडे पाहिलं. सातला सात कमी. तो चालत गेला आणि पट्ट्याच्या मुख्य खटक्यावर 'बंद' लिहिलेली पाटी अडकवली. उट्टं वगैरे काही काढलं नाही. ते काढलं असतं तर बरं, असं बाईंना क्षणभर वाटून गेलं.

"म्हणजे आम्ही नापास?" मागून कुणीतरी विचारलं.

बाई वळल्या. चोवीस चेहरे. "तुम्ही नापास नाही. मी चुकीचं शिकवलं." आणि कसं ते त्यांनी सांगितलं, उन्हासकट.

"ते आम्हाला काय करायचंय?" चाळीसवाली म्हणाली. "मी घरीदारी सांगून बसलेय. कामावर ठेवणार की घरी जाऊ, तेवढं सांगा."

 उत्तर फोरमनने दिलं. "पट्टा चालवायला माणसं लागतातच. नीट शिका, मग उभे राहा."

मॅडम दहाऐवजी सव्वाआठलाच आल्या. काचेच्या केबिनचं दार त्यांनी स्वतः लावलं.

"काय सांगितलं होतं मी?"

"भेटून बोलू म्हणालात."

"मग?"

"आता भेटलोच आहोत."

मॅडमनी कपाळ धरलं. "दहापर्यंत थांबला असतात तर मी काहीतरी वेगळं मांडलं असतं. आता पट्टा बंद, वरून फोन. खापर माझ्या डोक्यावर."

"माझ्या नावाने पत्र देते. तुमच्या डोक्यावर कशाला?"

बाईंनी तिथेच बसून लिहिलं: प्रमाणपत्रं मागे घ्यावीत, दोष शिकणाऱ्यांचा नाही, चित्रं मी काढली, बाहेरच्या कुणावर तपासून पाहिली नाहीत. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि फाईलला लावताना म्हणाल्या, "बुधवारी मी आता तोंड उघडू शकत नाही. तुम्ही समजून घ्याल."

बाईंनी समजून घेतलं. बुधवारच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. महिनाअखेरपर्यंत कामाचे नऊ दिवस उरले होते. जुने तपासनीस दोन आठवड्यांसाठी परत आणले, आणि हे नऊ दिवस बाई मला हव्यात, असं फोरमनने कागदावर लिहून मागितलं.

बाईंनी लॅपटॉप उघडलाच नाही. रोज सकाळी चांगले सिलिंडर उन्हात नेऊन ठेवायचे, बाद आत आणायचे, दुपारी सगळे मिसळायचे. वॉशर बघायचं नाही, अंगठ्याने चाचपायचं. चौथ्या दिवसापासून त्यांनी परीक्षा घेणंच बंद केलं. चोवीस जणांच्या जोड्या लावल्या आणि सांगितलं, आता तुम्हीच एकमेकांना फसवा. बारा चांगल्यांत एक असा बाद लपवा, की समोरच्याला सापडू नये. फसवायला बाद शोधायचा, तर तो बाद का, हे आधी स्वतःला कळावं लागतं. शेड आरडाओरड्याने भरून गेली. "हा काय पोचा आहे? हा तर रंग उडालाय!" "तारीख बघ की, डोळे घरी ठेवून आलास का?" फोरमन दुरून बघायचा. एकदा न राहवून त्यानेही एक सिलिंडर लपवला, आणि तो कापडाच्या दुकानातल्या मुलीने शोधून काढला तेव्हा दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

रात्री घरी बाई जेवत, आणि मध्येच घास हातात धरून थांबत. नऊ दिवसांत होईल का? सासरे विचारत, "आज किती जण फसले नाहीत?" अकरा. मग चौदा. मग तीन दिवस सतराच्या पुढे आकडा सरकेना.

नवव्या दिवशी फोरमनने ओळ लावली, बाईंना न सांगता. एकवीस जण पास झाले. तिघे राहिले. त्यांनी आणखी आठवडाभर शिकायचं, मग फोरमन बघेल, असं ठरलं.

एकवीस प्रमाणपत्रांवर सह्या करून बाईंनी पेन बंद केलं, तेव्हा दारात चाळीसवाली उभी होती. तिघांत ती होती. आठांपैकी सहा तिने ओळखले होते. झिजलेल्या वॉशरचे दोन्ही सिलिंडर निसटले होते.

"करा ना सही," ती हळूच म्हणाली. "दोनच तर चुकले. आज तुमचा शेवटचा दिवस. उद्यापासून तुम्हाला कोण विचारणार?"

"कुणी नाही."

"मग?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. या बाईने घरी पहिल्यांदा 'पास झाले' असं सांगितलं असेल तेव्हाचा तिचा चेहरा त्यांना न बघताच दिसत होता.

"अंगठा दाखवा," त्या म्हणाल्या.

तिने गोंधळून हात पुढे केला. अंगठ्याची कातडी जाड होती, चिरांनी भरलेली.

"याला झीज कळत नसेल. करंगळीने चाचपून बघा. सोमवारी फोरमनकडे या."

"म्हणजे सही नाही."

"नाही."

ती चपला घासत बाहेर गेली, गेटच्या दिशेने चार पावलं टाकली, मग वळून शेडमध्ये शिरली. थोड्या वेळाने आतून सिलिंडर फरशीवर टेकवल्याचा आवाज आला, मग आणखी एक.

बाईंनी गेटवर ओळखपत्र जमा केलं, आणि पोच मागून घेतली.