परातीतलं कडू मीठ

मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा माझं वय अडतीस होतं आणि नाकावरचा राग अठरा वर्षांच्या मुलीचा. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही मुंबईतल्या दोन खोल्या सोडून वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि ठाणे-बेलापूर रस्त्याजवळच्या एका शाळेत मला ही जागा मिळाली होती. मूळची ती गावातली कौलारू शाळा. नवं शहर आलं तशी संस्थेने तिला सेक्टरमध्ये दोन मजली इमारत बांधून दिली. त्यामुळे एकाच बाकावर मिठागरात राबणाऱ्याची मुलगी आणि बँकेतल्या साहेबाची मुलगी बसायची. शिक्षकही तसेच, अर्धे गावातले जुने, अर्धे मुंबई-ठाण्याहून आलेले.

नेमणुकीचं पत्र हातात ठेवताना संस्थेच्या अध्यक्षांनी स्वच्छ सांगितलं होतं, "बाई, एक वर्ष बघू. स्टाफचं आणि तुमचं जमलं तर कायम करू. नाही जमलं तर राग मानू नका." मुंबईतली नोकरी मी राजीनामा देऊन सोडली होती, म्हणजे परत जायला जागा नव्हती. तरी मी हसत मान डोलावली. न जमायला काय झालं, असं मला मनापासून वाटत होतं.

पहिल्याच सोमवारी माझ्या टेबलावर टाचणवह्यांचा ढीग आला. आठवडाभर काय शिकवणार हे प्रत्येक शिक्षकाने आधी लिहून काढायचं आणि मुख्याध्यापकांनी त्यावर सही करायची, हा सगळ्या शाळांचा रिवाज. त्यात एक वही तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली होती. ती शाळेतल्या सर्वांत ज्येष्ठ सरांची. आत अक्षर मोत्यासारखं, पण तारखेच्या जागी पाच-सहा जुन्या तारखा एकाखाली एक खोडलेल्या आणि सगळ्यांत वर यंदाची तारीख. एकच टाचण सर वर्षानुवर्षं वापरत होते आणि माझ्या आधीचे मुख्याध्यापक वर्षानुवर्षं त्यावर सही करत होते! मी खो खो हसले. हसता हसता वर पाहिलं तर सर दारात उभे.

सर गावचेच. त्या गावातून शिकून मास्तर झालेले पहिले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, डोक्यावर टोपी. गणित आणि विज्ञान शिकवायचे. ते वही उचलून निघून गेले. तेव्हा मी माफी मागायला हवी होती. पण मी मागितली नाही, कारण चूक त्यांची आहे असं मला वाटत होतं.

उलट दुसऱ्या दिवशी मी सूचनावही फिरवली. टाचणावर सही बंद. त्याऐवजी दर आठवड्याला प्रत्येकाने दुसऱ्या कुणाच्या तरी वर्गात एक तास मागच्या बाकावर बसायचं, बघायचं, शिकायचं. मीही बसणार. मुंबईत एका शिबिरात मी हे ऐकलं होतं आणि कधी एकदा करून बघते असं मला झालं होतं. कागदी खोटेपणा संपणार म्हणून सगळे खूश होतील अशी माझी कल्पना. सूचनावही परत आली तेव्हा सरांनी सहीच्या जागी फक्त 'वाचले' असं लिहिलं होतं. त्यांच्याखाली सगळ्यांनी ओळीने 'वाचले', 'वाचले', 'वाचले'. मुंबईहून आलेल्यांनीसुद्धा!

मी वर्गांकडे निघाले तर सगळ्या वर्गांची दारं बंद आणि आतून कड्या. सरांच्या दारावर टकटक केली. दार चार बोटं उघडलं. "खाडीचा वारा फार येतो बाई, दार आपटतं," ते म्हणाले आणि दार पुन्हा लागलं. मी रागाने लाल शाईत दुसरी सूचना काढली. तिच्यावरही 'वाचले'.

पुढचे पाच महिने मला आठवले तरी हसू येतं, पण तेव्हा रडू यायचं. मी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की बोलणं तुटायचं. चहाची किटली स्टाफरूममध्ये फिरायची आणि माझा कप मात्र वर बशी झाकून, केबिनमध्ये, एकटा. घरी आल्यावर मी नवऱ्यावर उखडायचे. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. दिवाळीच्या सुट्टीआधी अध्यक्ष एकदा येऊन गेले आणि जाताना नुसतंच "हं" म्हणाले. त्या एका "हं"ने माझी झोप उडवली.

वाट दाखवली ती मराठीच्या बाईंनी. या ठाण्याहून बसने यायच्या, बोलणं शुद्ध आणि सडेतोड. एकदा बसस्टॉपवर आम्ही दोघीच होतो. मी कुरकुर सुरू केली तशा त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही आमच्या वर्गात येऊन बसणार, ठीक आहे. पण तुमच्या वर्गात कोण बसणार? तुम्ही शिकवताना आम्ही पाहिलंय कुठे?" मला तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच की! मुख्याध्यापिका झाल्यापासून मी खडू हातात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिसरी सूचना काढली, या वेळी निळ्या शाईत. 'शनिवारी शाळा सुटल्यावर मी सहावीच्या मुलांना विज्ञानाचा एक पाठ देणार आहे. सर्वांनी मागे बसून माझ्या चुका काढाव्यात ही विनंती.' 'विनंती' हा शब्द लिहिताना माझा हात जरा अडला, खोटं कशाला बोलू! वही परत आली तेव्हा पहिल्यांदाच तिच्यावर सह्या होत्या. माझ्या चुका काढायला सगळेच तयार होते.

पाठ मी मुद्दाम निवडला होता, मीठ कसं तयार होतं. शाळेच्या गच्चीवरून मिठागरं दिसायची. पुस्तकात चार ओळी होत्या. समुद्राचं पाणी उन्हात सुकतं आणि मीठ उरतं. मी म्हटलं, आपण प्रत्यक्षच करून दाखवू. भरतीच्या वेळी मिठागराजवळून दोन डबे पाणी आणलं, जुन्या साडीतून तीनदा गाळलं, उकळलं आणि घरच्या तीन पराती शाळेच्या गच्चीवर मांडल्या. रोज मधल्या सुट्टीत जाऊन बघायचे. पाणी कमी होत होतं, कडेला पांढरं धरत होतं. मला लहान मुलीसारखा आनंद व्हायचा.

गुरुवारी सर डबा खायला गच्चीवर आले. परातींकडे बघत उभे राहिले. मग पाच महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलले, "सगळं पाणी सुकू देणार?"

"हो तर," मी ऐटीत म्हटलं, "थेंबसुद्धा राहू देणार नाही!"

"बरं," असं म्हणून ते डबा न खाताच खाली गेले.

शनिवारी सहावीचा वर्ग गच्च भरला. मागच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन शिक्षक बसले होते, ते दृश्यच बघण्यासारखं होतं. मी झोकात सुरुवात केली. सूर्य, वाफ, फळ्यावर बाण. मुलं डोलत होती. शेवटी मी परात वर उचलली. तळाला पांढरीशुभ्र साय. टाळ्या पडल्या. मला काय स्फुरण चढलं! "चाखा रे सगळ्यांनी, तुमच्या बाईंनी केलेलं मीठ!" असं म्हणत मी बाकाबाकावरून फिरले, मागच्या शिक्षकांनाही चिमूट चिमूट दिलं आणि मग स्वतःच्या जिभेवर ठेवलं.

कडू! क्विनाईनची गोळी फोडून खाल्ल्यासारखं कडू. समोर पस्तीस तोंडं वेडीवाकडी झाली होती. कुणी खिडकीतून थुंकत होतं, कुणी बाटलीकडे धावत होतं. मराठीच्या बाईंनी पदर तोंडाला लावला होता. आणि सगळा वर्ग हसत सुटला.

"बाई, हसतो म्हून रागावू नका," दुसऱ्या बाकावरची एक मुलगी डोळे पुसत उभी राहिली. तिचं सगळं घर मिठागरावर कामाला होतं. "सगलं पानी सुकवायचं नसतं बाई. मीठ धरलं की शेवटचं कडू पानी सोरून द्यायचं. नायतर मीठ असंच व्हतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे? सरांनाच विचारा ना! सरांचे बाबा मिठागरावर व्हते."

सगळ्या माना मागे वळल्या. सरांच्या हातातली चिमूट तशीच होती, त्यांनी चाखलीच नव्हती. माझ्या डोक्यात गुरुवारचा प्रश्न लख्ख उगवला. इतर कुठला दिवस असता तर मी भडकले असते. पण जिभेवरच्या त्या कडूपणात मला एकदम हसू फुटलं. मी खडू पुढे केला आणि म्हटलं, "सर, हा पाठ तुमचा आहे. मला येत नाही."

सर फळ्याजवळ आले. मुलांकडे पाहिलं, मागच्या बाकांकडे पाहिलं, घसा खाकरला. "तर विद्यार्थ्यांनो, मिठाच्या निर्मितीची प्रक्रिया ही..." आणि अडखळले. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा अडखळले. मुलं बुचकळ्यात पडली, कारण हे त्यांचे सर नव्हतेच. मग ती मघाची मुलगी म्हणाली, "सर, रोज सांगता तसं सांगा ना!"

सरांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले.

"आयका. उधान आलं की आमी बांध खोलायचो. पानी आत घ्यायचं, न बांध बंद. मंग त्या पान्याची राखन करायची, पोराची करतात तशी. माजा बाप पाटं उठून पान्यात पाय घालून सांगायचा, आज मीठ धरल का उद्या..." पुढचा अर्धा तास त्या वर्गात खाडी आली. फळ्यावर मिठागराचा नकाशा उमटला, मुलं बाकांवर चढून बघायला लागली. दिघ्याच्या कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा प्रश्न विचारत होता, बँकेतल्या साहेबाची मुलगी विचारत होती. इतका जिवंत पाठ मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आणि दाराला आतून कडी का, ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं दाराआड सर असंच, घरच्या बोलीत शिकवत होते. मुंबई-ठाण्याची शुद्ध बोलणारी माणसं मागच्या बाकावर येऊन बसली तर हसतील, या भीतीने त्यांनी दार लावलं होतं. टाचणवही बघून मी हसलेच होते की! मला माझीच लाज वाटली.

सर बोलता बोलता थांबले. मागे सगळा स्टाफ बसलाय हे त्यांना आठवलं असावं. त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मराठीच्या बाईंनी मुलांसारखा हात वर केला, "सर, कडू पाणी सोडायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?"

सर हळूच हसले. "हातानं बगायचं, बाई. बोटाला तेलावानी लागतं."

वर्ग सुटल्यावर ते माझ्याजवळ आले. "बाई, गुरुवारी मी विचारलं, पण सांगितलं नाही. ते माझं चुकलं."

"आणि मी हसले ते माझं चुकलं," मी म्हटलं. ही माफी पाच महिने उशिरा आली, पण आली. परात घासायला मात्र त्यांनी मला मदत केली नाही.

सोमवारी मी जिना चढून वर गेले तर सरांच्या वर्गाचं दार सताड उघडं. वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली वीट लावलेली. शेजारी नव्या इमारतींचं बांधकाम चालू होतं, तिथून त्यांनी ती मागून आणली होती. आत मागच्या बाकावर मराठीच्या बाई बसून चक्क लिहून घेत होत्या. आठवडाभरात दुसरी वीट आली, मग तिसरी. नाताळच्या सुट्टीपर्यंत दोन्ही मजल्यांवर दारोदार विटा होत्या आणि माझ्या चहावरची बशी गेली होती. चहा मी आता किटलीतूनच, स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या गोंगाटात प्यायचे. तो चहा बऱ्यापैकी वाईट असायचा. पण मला आवडायचा.

वर्ष संपलं. एप्रिलमध्ये अध्यक्ष संस्थेच्या दोन सभासदांना घेऊन आले आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बसले. मला कायम करायचं की नाही, ते आज ठरणार होतं. इकडचं तिकडचं झाल्यावर अध्यक्ष सरांकडे वळले, "सर, तुम्ही इथले सगळ्यांत जुने. तुम्हीच सांगा, कशा आहेत बाई?"

सर उठले. टोपी नीट केली.

"काय सांगायचं साहेब," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बाईंना मीठ करता येत नाय."

अध्यक्ष चक्रावून आमच्याकडे बघायला लागले.

"आमी शिकवतोय," सर म्हणाले. त्यांनी आपली घरची बोली आता लपवली नव्हती, साहेबांसमोरसुद्धा नाही. "पन टाइम लागल. धा-पंधरा वर्सं तरी. तवर त्यांना कुटं जाऊ देऊ नका."