चौघींत वाटलेला तक्ता

चिकलठाण्याच्या कारखान्यात आम्ही चौघी संगणकावर बसायचो. विद्यापीठाच्या नामांतरावरून आमचं बोलणं बंद होतं. दोघी बाजूनं, दोघी विरोधात. मी बाजूच्या दोघींतली. बाकीच्या तिघी कायम झालेल्या होत्या, त्यामुळे त्यांना अबोला परवडत होता. मी अजून प्रोबेशनवर.

त्या दिवशी त्याच वादावरून दुपारपासून शहर बंद. कारखान्याची बस बाराला सुटणार होती. साडेदहाला साहेब आले. एका फिरत्या चकतीच्या चढउताराच्या काठाची प्रत्येक अंशाला उंची किती, असा तीनशे साठ ओळींचा तक्ता हवा होता. "आज झाला तर तुमच्या कायम होण्याचं बघतो," ते म्हणाले.

आमच्या संगणकाची बेसिक नावाची भाषा जुन्या कारकुनासारखी होती. तीच सूचना शंभरदा वाचली असली तरी एकशे एकाव्यांदा पुन्हा चष्मा लावून वाचणार. एका मशीनवर तीन तास लागले असते. पण प्रत्येक ओळीचं उत्तर तिच्या अंशावरूनच निघणार होतं. शेजारच्या ओळीला विचारायचं कारण नव्हतं. म्हणून चार फ्लॉप्या केल्या आणि प्रत्येकीला शून्यापासून क्रमानं नव्वद-नव्वद अंश दिले. कुणी कुणाशी बोलायचं नाही, ही अट मला घालावी लागली नाही.

तासाभरात चारही कागद छापून आले. मी ते जुळवायला घेतले. तेवढ्यात विरोधातल्या दोघींपैकी सोयगावच्या बाई माझ्या खांद्यावरून डोकावल्या.

"बोलणार नव्हते, पर ताई, हे लई वंगाळ दिसतंय. माझी एकोणनव्वद अंशाची ओळ बघा अन् तुमची नव्वद अंशाची. चकतीला पायरी पडली की!"

"तुमचंच चुकलं असेल."

"व्हय, सगळं आमचंच चुकतं. प्रोग्राम कुणी लिहिला?"

मीच लिहिला होता. वेळ वाचावा म्हणून प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या उत्तरापासून अंदाज बांधायची आणि चार-पाच प्रयत्नांत थांबायची. म्हणजे ओळी गुपचूप एकमेकींना विचारत होत्या, आणि वाटणी करताना मीच ते विसरले होते! माझ्या कागदाच्या पहिल्या ओळीला मागे कुणी नव्हतं. तिनं अंदाज शून्यापासून सुरू केला आणि खऱ्या उत्तराला पोचण्याआधी ती वाटेतच थांबली. पुढच्या काही ओळी हळूहळू सावरल्या होत्या. उरलेल्या दोघींच्या कागदांवरही तेच; सोयगावच्या बाईंच्या पहिल्या ओळीची उंची मात्र शून्यच होती, म्हणून त्यांचा कागद बरोबर.

सगळं पुन्हा करायला वेळ नव्हता. सोयगावच्या बाईंनी आपलं शेवटचं उत्तर मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मी माझं तिसरीला, तिसरीनं चौथीला. त्यापासून सुरुवात करून बिघडलेल्या तेवढ्याच ओळी पुन्हा काढल्या. पावणेबाराला तक्ता साहेबांच्या टेबलावर होता.

"एकटीनं केलात?"

"चौघींनी."

"मग चौघींच्या सह्या आणा."

सह्या झाल्या. बसमध्ये बायका पुन्हा दोन बाजूंना बसल्या. महिन्याभरानं मी कायम झाले. सगळ्यात आधी तो आळशी अंदाज प्रोग्राममधून काढला. आता कुठलीच ओळ दुसरीला विचारत नाही. सोयगावच्या बाई मात्र तेव्हापासून माझा प्रत्येक कागद तपासतात आणि दर वेळी आधी सांगतात, की आपलं बोलणं बंद आहे.