आवाज बंद केलेली मॅच

तेव्हा मी ओटावात एम.ए. करत होते. विषय चिनी माध्यमांचा. खेड्यापाड्यातल्या जुन्या सिनेमापासून नव्यानं आलेल्या ब्लॉगपर्यंत सगळं. पुण्यात तीन वर्षं चिनी शिकले होते, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा, उच्चार बेतास बात.

आमच्या प्राध्यापिकाबाईंनी मला एका चिनी आजींकडे धाडलं. तरुणपणी या आजी खेचरावर प्रोजेक्टर लादून गावोगाव सिनेमे दाखवत फिरायच्या. आता त्या वृद्धांच्या एका बिल्डिंगमध्ये राहत. मी चार पानी प्रश्नावली घेऊन गेले आणि अदबीनं चिनीत म्हटलं, "विचारू का?"

आजी खो खो हसत सुटल्या. "अगं, सूर चुकला तुझा. चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो. तू माझा मुका मागितलास!"

मी लाजेनं लाल. त्यांनी प्रश्नावली बाजूला ठेवली. "खाली चल. आज मॅच आहे."

खाली हॉलमध्ये दहा-बारा चिनी आजी-आजोबा टीव्हीवर बर्फावरची हॉकी बघत होते. इंग्रजी कॉमेंटरी कुणालाच कळत नव्हती. आजींनी आवाज बंद केला, टीव्हीशेजारी उभ्या राहिल्या आणि दोन लाकडी चमचे एकमेकांवर वाजवून सुरू झाल्या.

"हा नऊ नंबर सासूशी भांडून आलाय, बघा कसा धडकतोय! आणि तो अंगाला गाद्या बांधून दारात बसलाय ना, तो घरजावई. आत कुणाला येऊ देत नाही!"

डुलक्या घेणारे एक आजोबासुद्धा टाळ्या पिटायला लागले.

मध्यंतरात आजी मला म्हणाल्या, "सिनेमातली शहरी बोली गावात कळायची नाही. मग आम्ही असंच सांगायचो. आता तू सांग."

मला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तेवढ्यात एका खेळाडूला पेनल्टीसाठी बाहेर बसवलं. मी मोडक्यातोडक्या चिनीत म्हटलं, "गुरुजी रागावले. याला कोपऱ्यात बसवलं." हॉल हसून लोटपोट.

सोमवारी मी कोरी प्रश्नावली बाईंपुढे ठेवली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "फर्गेट द फॉर्म. पुढची मॅच कधी आहे?"

त्या विंटरमध्ये माझ्या प्रबंधाचा विषय ठरला: सिनेमा सांगणाऱ्या बायका. आजींनी सिनेमे दाखवणाऱ्या आपल्या तुकडीतल्या जुन्या मैत्रिणीचा टोरांटोचा नंबर दिला. मी फोन केला, तर पलीकडून लगेच आवाज आला, "तिनं सगळी फुशारकी मारली असेल. तू इकडे ये. खरं काय ते मी सांगते."