चेंगदूहून आलेलं स्थळ

मी बोलका माणूस आहे. अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात चपला घालून बर्फात कसा निघालो, ही गोष्ट आमच्या मराठी मंडळातल्या प्रत्येकाने माझ्याकडून अनेकदा ऐकली आहे, आणि दर वेळी बर्फाची उंची थोडी वाढलेली असते. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही. चीनचा, कॉम्प्युटर गेमचा किंवा मुलीच्या पहिल्या नोकरीचा विषय निघाला की मला खोकला येतो आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जातो. बायकोने मला त्यासाठी डॉक्टरकडेही नेलं होतं. त्यांनी एक्स-रे काढला आणि छाती स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. मी फी देऊन परत आलो.

आता ऐंशी जवळ आली आहे. खोकण्याचाही कंटाळा येतो.

आम्ही नेपरव्हिलला राहायचो. मी टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर होतो. शेजारच्या घरात एक चिनी इंजिनिअर राहत होता, माझ्याहून बराच तरुण, त्याच कंपनीत. दोन हजार एक साली टेलिफोनचा धंदा बसला आणि कंपनीने माणसं काढायला सुरुवात केली. त्याला काढलं, मला ठेवलं. मी त्याला धीर द्यायला गेलो आणि तासभर स्वतःच्या दूरदृष्टीबद्दल बोलून आलो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, चेंगदू नावाच्या शहरात त्याच्या मावसभावाने ऑनलाइन गेमची कंपनी काढली आहे, एका खानावळीच्या वरच्या खोल्यांमध्ये. अमेरिकेतलं काम आता तो बघणार.

"ऑफिस कुठे?" मी विचारलं.

"बेसमेंटमध्ये. वॉशिंग मशीन थोडं सरकवलंय."

हे मी मंडळाच्या पुढच्याच जेवणावळीत रंगवून सांगितलं. "कंपनी विकते काय? तलवार. तलवार कुठे आहे? कुठेच नाही. पोरं इंटरनेट कॅफेत बसून पैसे देतात, आणि पडद्यावरच्या एका माणसाच्या हातात तलवार येते. बाहेर पडताना हात रिकामे!" लोक खूप हसले. एका काकूंनी तर ते पुन्हा सांगायला लावलं. तेव्हापासून 'तलवारवाला शेजारी' हा माझा हुकमी विषय झाला. श्रीखंडाच्या आधी एकदा, नंतर एकदा.

शेजारी मात्र कुंपणाशी भेटला की साधेपणाने सांगायचा. आता खानावळीच्या वरचा सगळा मजला घेतला. आता पेपरच्या टपऱ्यांवर गेमची कार्डं मिळतात, खरवडून नंबर टाकायचा. आता फोनवर खेळायचे छोटे गेम काढतोय, पैसे फोनच्या बिलातून जातात.

"फोनवर?" मी म्हणालो. "अरे, एवढ्याशा पडद्यावर कोण खेळणार? फोन बोलण्यासाठी असतो. मी या धंद्यात तीस वर्षं काढली आहेत."

तो म्हणाला, "हो, ते आहेच," आणि फावडं घेऊन स्वतःच्या दाराबरोबर माझ्याही दारातला बर्फ काढू लागला. माझी पाठ दुखायची ना.

आमची मुलगी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. विषय कॉम्प्युटर, माझ्या आग्रहाने. चित्रं काढायची, स्वतःच्या आग्रहाने. त्या वर्षी घरच्या गणपतीला मागचा पडदा तिने रंगवला होता. डोंगर, ढग, आणि डोंगराच्या पायथ्याशी बसलेला एक राक्षस. गणपतीच्या मागे राक्षस कशाला, म्हणून आमचा वाद झाला होता. शेजारी प्रसादाला आला आणि हातात मोदक धरून बराच वेळ त्या राक्षसापुढेच उभा राहिला.

"हे कुणी काढलं?"

"मी, काका," मुलगी म्हणाली. चिनी असो की जपानी, शेजारचा माणूस म्हणजे काका, एवढं वळण आम्ही लावलं होतं.

त्याने तिला त्यांच्या गेमसाठी काही पात्रं काढून बघायला सांगितलं. इंग्रजी आवृत्ती निघणार होती, तिच्यासाठी पात्रं काढणारं आणि त्यांच्या तोंडचं इंग्रजी लिहिणारं माणूस हवं होतं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती घरी आली ती सरळ तिच्या खोलीत गेली. टर्की खायच्या त्या दिवशी आम्ही मसालेभात करतो, तोही तिने टेबलाजवळ उभ्या उभ्या खाल्ला. बोटांना शाई. तिला मी एवढं खूश लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जाऊ दे, हौस आहे, चेंगदूचे लोक काही उत्तर देणार नाहीत.

उत्तर आलं. जानेवारीचा शेवट होता. बायको हळदीकुंकवाला गेली होती. शेजारी कोट-टाय घालून, संत्र्यांची पेटी घेऊन दारात उभा. त्यांचं नववर्ष होतं. मी चहा केला. तो खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाला, "चेंगदूहून होकार आला आहे. तुमची मुलगी त्यांना हवी आहे. पहिलं वर्ष तिकडे राहावं लागेल, राहायची सोय माझ्या मावशीकडे. तिला सांगण्याआधी तुमच्याकडे आलो. आमच्याकडे आधी वडिलांना विचारतात."

माणूस चांगल्या रीतीने वागत होता. मी पण रीतीनेच वागलो, पण ती रीत वेगळी होती. कुणी घरी येऊन, खुर्चीच्या कडेला टेकून, तुमची मुलगी आम्हाला पसंत आहे असं म्हणालं की माझ्या पिढीच्या बापाच्या डोक्यात एकच यंत्र सुरू होतं. मी म्हणालो, "चार दिवसांत कळवतो." आणि खरोखर स्थळाची चौकशी करावी तशी चौकशीला लागलो.

चौकशी केली कुणाकडे? तर पूर्व किनाऱ्यावर पार्सिपनीला राहणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्राकडे. हा गुडघ्यांचा डॉक्टर, पण शेअर बाजार, घराचं बांधकाम आणि मुलांची लग्नं यांतही त्याचा शब्द शेवटचा मानला जायचा.

"गेम म्हणजे? जुगार का रे?" तो फोनवर म्हणाला.

"जुगार नाही. राक्षस मारायचे असतात."

"आणि पोरगी काय करणार?"

"राक्षस काढणार."

तो इतका हसला की मला फोन दुसऱ्या कानाला लावावा लागला. "यार, तूच ना तो तलवारवाला शेजारी सांगायचास? आता मंडळात काय सांगशील, जावई मिळाला म्हणून?"

बस. माझा निर्णय त्या वाक्यावर झाला. नंतर मी स्वतःला पुष्कळ सांगितलं की मुलीची काळजी होती, परका देश, भाषा येत नाही, रेझ्युमेवर कसं दिसेल. हे सगळं खरं आहे, पण ते मी नंतर जमवलं. ज्या कंपनीवर दोन वर्षं श्रीखंडाच्या आधी आणि नंतर हशा वसूल केला, तिच्यात माझीच मुलगी गेली, हे मला सांगायचं नव्हतं. एवढंच कारण.

नकार कसा द्यायचा हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मुलगा आवडला नाही म्हणायचं नाही, पत्रिका जुळत नाही म्हणायचं. दोन्ही बाजूंचा मान राहतो. मी शेजाऱ्याकडे चकल्यांचा डबा घेऊन गेलो आणि म्हणालो, "मुलीचं दुसरीकडे ठरतंय. तुम्हाला कसं सांगावं म्हणून ती अवघडली आहे. तिच्यापाशी विषय काढू नका, तिला लाज वाटेल."

त्याचा चेहरा उतरला. पण त्याने लगेच मान डोलावली. "अर्थात. मी काही बोलणार नाही." मग दार लावता लावता म्हणाला, "तिला एवढं सांगाल का? तिने काढून पाठवलेला तो थकलेल्या डोळ्यांचा राक्षस सगळ्यांना फार आवडला. मावसभावाने तो टेबलामागच्या भिंतीवर लावला आहे."

मी हो म्हणालो.

मुलगी दर रविवारी फोन करायची. "बाबा, काका काही बोलले?" दोन रविवार मी टाळलं. तिसऱ्या रविवारी म्हणालो, "त्यांचं काही जमलं नाही म्हणे, बाळ. तू त्यांना विचारत बसू नकोस, बिचारे अवघडतील."

मग ती म्हणाली, "ओके. आय मीन, मी शिकलेली आर्टिस्ट थोडीच आहे." आणि आईला फोन दे म्हणाली.

दोन सभ्य माणसं आणि मधे मी. दोघांनीही माझ्या शब्दाचा मान राखला. अंगणाला लागून अंगण असूनही त्या विषयावर ती दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. सुट्टीत ती आली की शेजारी हात हलवायचा, ती हात हलवायची, आणि मी खिडकीच्या पडद्याआड उभा. इतकं चोख काम मी कंपनीतही कधी केलं नव्हतं.

तिने एका इन्शुरन्स कंपनीत नोकरी धरली, प्रोग्राम तपासायची. मी मंडळात पेढे वाटले. चित्रांचं सामान तिने आमच्या बेसमेंटमध्ये आणून ठेवलं आणि पुन्हा नेलं नाही.

आणि चेंगदूची ती कंपनी माझ्या नाकासमोर वाढत गेली. शेजाऱ्याच्या बेसमेंटमधून ऑफिस हायवेलगतच्या इमारतीत गेलं, एका डेंटिस्टच्या शेजारी. मग डेंटिस्ट दुसरीकडे गेला आणि त्याचीही जागा यांनी घेतली. चेंगदूत काचेची इमारत झाली. फोनवरचे गेम, जे कोणी खेळणार नव्हतं, ते इतके चालले की माझ्या कंपनीतले तरुण मीटिंगमध्ये टेबलाखाली तेच खेळत बसायचे. पुढे कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. बातमी पेपरात होती. मी ते पान काढून त्यावर भाजी निवडली. बायको म्हणाली, "आज काय, न सांगता मेथी?"

शेवटी शेजारी घर विकून कायमचा चेंगदूला निघाला. टॅक्सी दारात उभी असताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमची मुलगी सुखात आहे ना?"

तिथे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "खूप. विमानतळावर गर्दी असेल, निघा तुम्ही."

दोन हजार आठच्या हिवाळ्यात आम्ही मुलीकडे रेडमंडला गेलो. लग्न करून ती तिकडे गेली होती, सॉफ्टवेअरच्या कामात, पुन्हा तपासणीच्याच. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. एका सकाळी ती बससाठी निघाली, मी तिच्याबरोबर छत्री धरून थांब्यापर्यंत गेलो. ठरवून गेलो होतो. वाक्य पाठ केलं होतं. आंघोळ करताना दोनदा म्हणून पाहिलं होतं.

थांब्यावर तिने फोन काढला आणि खेळायला लागली. मी वाकून पाहिलं.

"काकांचाच गेम आहे, बाबा. मस्त आहे. सगळं ऑफिस खेळतं."

"तुला... वाईट नाही वाटत?"

"कशाचं?" ती खेळता खेळता बोलत होती. "तेव्हा वाटलं होतं. बट दे डिड मी अ फेव्हर. त्यांनी नाही म्हटलं म्हणून मला वेळेवर कळलं की आपण तेवढे चांगले नाही. नाहीतर उगाच वर्षं घालवली असती. बाबा, किती खोकताय! स्कार्फ कुठाय तुमचा?"

तिने स्वतःचा स्कार्फ काढून माझ्या गळ्यात बांधला. बस आली. ती चढली, खिडकीतून हात हलवला, आणि मी पाठ केलेलं वाक्य घेऊन पावसात तसाच उभा राहिलो.

त्यानंतर मी अनेकदा प्रयत्न केला. फोनवर, तिच्या मुलाच्या बारशाला, एकदा तर ईमेल लिहून. तो हवामानाबद्दल निघाला. दुकानात कुणाच्या सामानाच्या ढकलगाडीला माझी ढकलगाडी लागली की मी तीनदा सॉरी म्हणतो. आणि आता हे लिहितोय तेही मराठीत, जी तिला बोलता येते पण वाचताना अक्षर अक्षर लावावं लागतं. माझ्या धैर्याची उंची एवढीच. तरी कुणी तिला वाचून दाखवलं तर असावं, म्हणून इथे सरळ लिहून ठेवतो.

बाळ, त्यांनी तुला निवडलं होतं. नाही मी म्हणालो, तुला न विचारता, लोक हसतील म्हणून. तू चांगली होतीस. मला माफ कर.