खोक्यावरचं कुंकू

माझ्या भावाचं डोकं मी फोडलं, तेव्हा पहिलं रक्त सांडलं ते मेमरी कार्डांच्या खोक्यावर. खोकं जपानी कंपनीचं, पांढरंशुभ्र. त्यावर आदल्या दिवशीचं माझ्या हातचं कुंकू होतंच, त्यामुळे कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते क्षणभर मलाही कळेना. भाऊ उभाच होता. त्याने कपाळाला हात लावला, बोटं बघितली आणि म्हणाला, "लागलं की गं."

आम्ही दोघंच भावंडं. तो मोठा, मी त्याला दादा म्हणते. शारजाच्या हद्दीला लागून, अल कुसैसमध्ये आमचा गाळा होता, पुढे काउंटर आणि मागे गोदाम. लायसन्सवर दोघांची नावं. दादा इमारतींच्या एसीची कंत्राटं घ्यायचा आणि मी मेमरी विकायचे, म्हणजे कार्डं, पेन ड्राइव्ह, कॉम्प्युटरच्या एसएसडी. काउंटर मी उभं केलं होतं. मुलगी पोटात असताना मी खोकी उचलली आहेत, आणि बाळंतपणानंतर तिला खोक्यातच झोपवलं आहे. तेव्हा ते काउंटर कुणाचं, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नाही.

आमच्या घरात तोंडाआधी हात चालतो. लहानपणी पुण्याला दादाने माझी बोटं दारात चिरडली होती आणि मी त्याच्या पाठीत कंपासचं टोक खुपसलं होतं. आई दोघांना सारखं बडवायची आणि मग दोघांना सारखं वाढायची. माझा नवरा म्हणतो, तुम्ही बहीणभाऊ बोलायला बसलात की मध्ये एक टेबल पाहिजे, तेही जड. तो चेष्टेने म्हणतो, पण बसताना कडेलाच बसतो.

मी विकायचे ती बहुतेक मेमरी एकाच जपानी कंपनीची. वीज गेली तरी लिहिलेलं विसरत नाही अशी ही मेमरी मुळात तिथल्याच माणसाने शोधली. तेव्हा ती वेगळी कंपनी नव्हती. एका जुन्या, अवाढव्य उद्योगघराण्याचं ते एक खातं होतं. त्या घराण्यात भाताच्या कुकरपासून लिफ्टपर्यंत सगळं बनायचं. पुढे परदेशात भलत्याच धंद्यात त्या घराण्याचे हात पोळले. मग पैसा उभा करायला विकायला काढलं काय, तर घरातली सगळ्यात कमावती पोर. घ्यायला ही झुंबड. शेवटी परक्या देशातला एक गुंतवणूकवाला पुढे झाला, त्याच्यामागे आणखी बरेच जण, त्यात एक जुना प्रतिस्पर्धीसुद्धा. कारखान्यातला जुना भागीदार भांडला, मग गप्प बसला. बापाने थोडा हिस्सा आपल्याकडे ठेवला. थोड्या काळाने पोरीचं नाव बदललं, खोक्यांवर नवं लेबल आलं.

मला या खानदानाची एवढी माहिती असायचं कारण म्हणजे गिऱ्हाईक. जुन्या नावाचा माल आणि नव्या नावाचा माल शेजारी शेजारी दिसला की ते विचारणारच, "मॅडम, ये डुप्लिकेट तो नहीं?" मी एकच उत्तर पाठ केलं होतं. "बाप ने बेटी बेच दी, बेटी ने नाम बदल लिया. माल वही है." बहुतेक जण हसायचे. एकाने मात्र कार्डांचं पाकीट माझ्या तोंडावर फेकलं होतं. मी काउंटरच्या बाहेर येऊन त्याची कॉलर धरली आणि त्याला दारापर्यंत नेलं. दुसऱ्या आठवड्यात तोच येऊन जास्त माल घेऊन गेला.

दादाची कंत्राटं अडकली. कुठे बिल्डर पळाला, कुठे काम होऊन चेक वठेना. मला वाटलं, येईल मार्गावर. तर एके दिवशी शारजाचा एक मोठा ट्रेडर आमच्या गोदामात उभा, आणि दादा त्याला माझे रॅक दाखवतोय. माझे! तो गेल्यावर दादा म्हणाला, "मेमरीचं सगळं तो घेतोय. गाळा, माल, गिऱ्हाईक. नोटरीपुढे तुझी सही लागेल तेवढी."

"तेवढी?" मी म्हणाले. "ती मिळणार नाही."

त्याने मुठीने काउंटरची काच फोडली. मी झाडू आणून काचा गोळा केल्या आणि सुपलीभर त्याच्या टेबलावर नेऊन ओतल्या. हे गणपतीच्या आधी. गणपतीत आम्ही दोघांनी शेजारी उभं राहून आरती म्हटली, एकमेकांकडे न बघता.

पुढे रोज तेच. मी म्हणाले, "तू अगदी त्या जपानी बापासारखा वागतोयस. स्वतः बुडतोस आणि पोरीला विकतोस."

"विकली म्हणून पोर जगली," तो म्हणाला. "आज शेअर बाजारात मानाने उभी आहे. माझ्याबरोबर राहिलीस तर तूही बुडशील, अक्कल आहे का?"

"आणि बाप? बापाचं काय झालं सांग ना."

त्याला माहीत होतं. बापसुद्धा पुढे दुसऱ्यांच्या हातात गेला, बाजारातून त्याचं नावच उठलं. दादाने स्टेपलर उचलून भिंतीवर मारला. भिंतीला खळगा पडला, तो शेवटपर्यंत तसाच होता.

त्यात माझ्या नवऱ्याने मध्यस्थी केली. म्हणाला, निदान त्या माणसाला माल तपासू दे, सहीचं मग बघू. मी हो म्हटलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी ठरली.

आता दसरा. आमच्याकडे खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. आजोबा करवत-पटाशी मांडायचे, आई शिलाईमशीन पुसायची. मी दरवर्षी गोदामात कटर, खोक्यांना चिकटपट्टी मारायची टेप-गन, बारकोडची मशीन मांडून हळद-कुंकू लावायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि मालाच्या वतीने एका खोक्याला बोट लावायचे. यंदा मी करंड्यातलं कुंकू वाटीत पाण्याने कालवलं आणि रॅकमधल्या एकूण एक खोक्याला लावलं. शिडी घेऊन वरच्यांनाही. प्रत्येकाला अनामिकेने, नीट मधोमध. हा इथला शेवटचा दसरा असला तर कुणी राहून जायला नको, एवढंच डोक्यात होतं. खोक्याच्या मधोमध कंपनीच्या सीलची पट्टी असते, हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. त्या दिवशी मात्र ते माझ्या डोळ्यांसमोर असून दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या ट्रेडरचा माल तपासणारा माणूस आला. बारका, चष्मेवाला, खिशात टॉर्च. पहिल्या रॅकपाशी थांबला, सीलवर अंगठा घासला, वास घेतला.

"मॅडम, ये लाल क्या है?"

"पूजा का है."

"सील के ऊपर पूजा?"

कुंकवाच्या पाण्याने सीलवरची छपाई फुगून पसरली होती. खालच्या खोक्यांवर जुनं नाव, वरच्यांवर नवं, आणि सगळ्यांची सीलं ओली होऊन वाळलेली. त्याच्या जागी मी असते तरी मला तेच वाटलं असतं. त्याने मालकाला फोन लावला आणि आमच्यासमोरच सांगितलं की माल उघडून पुन्हा पॅक केलेला दिसतो. फोन ठेवून दादाला म्हणाला, "कल सब खोल के दिखाओ, और दोनों पार्टनर साइन करो. नहीं तो खलास."

तो गेला तसं दादाने शटर अर्ध्यावर ओढलं.

"मुद्दाम केलंस."

"दरवर्षी करते."

"दरवर्षी एकाला करतेस. यंदा सगळ्यांना? सौदा मोडायला देवाला मध्ये घातलंस?"

मी सांगणार होते, शेवटचा दसरा म्हणून. तोंड उघडलं आणि त्याची थप्पड बसली. कानात घंटा वाजायला लागली, कानातलं तुटून मानेवर लोंबलं. मी त्याच्या हाताला चावले. त्याने वेणी धरून मला रॅकवर आदळलं, वरची खोकी धडाधड खाली आली. इथवर ठीक होतं, इतकं आम्ही पूर्वीही मारलेलं आहे एकमेकांना. पण मग त्याने मला सोडलं आणि खोकी तुडवायला लागला. बुटाने, टाच रोवून, एकेक. ती खोकी फुटताना जो आवाज यायचा तो मला अजून ऐकू येतो. मांडलेल्या पूजेतली टेप-गन माझ्या हाताशी होती. लोखंडी, पुढे पातं. मी दोन्ही हातांनी ती त्याच्या कपाळावर हाणली.

हॉस्पिटलला गाडी मीच चालवली. तो शेजारी टॉवेल दाबून बसला होता आणि लेन चुकली म्हणून माझ्यावर ओरडत होता. "यल्ला, हॉर्न मार ना, झोपलीस का?" मीही ओरडत होते, की सीटला रक्त लावू नकोस. आत नर्सने जखम पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर कुणाला तरी हाक मारली. इथे मारामारीची जखम आली की पोलिसाला कळवतात. केस झाली तर तुरुंग, मग व्हिसा गेला, मग विमान. माझी मुलगी शारजात बारावीला होती. काउंटर वगैरे सगळं मी त्या मिनिटात विसरले.

पोलीस तरुण होता, हिंदी चांगलं बोलायचा. दादाला टाके पडत होते. पोलिसाने विचारलं, "किसने मारा?"

दादा छताकडे बघत म्हणाला, "किसी ने नहीं. रॅक से बॉक्स गिरा."

पोलीस माझ्याकडे वळला. माझ्या गालावर चार बोटं उठलेली होती. "और इनको?"

दादाने डोळे मिटले. आता माझ्या हातात होता तो.

"वही बॉक्स," मी म्हणाले.

"बहुत बड़ा बॉक्स था," पोलीस म्हणाला. त्याने आम्हा दोघांकडे बराच वेळ पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि कॉरिडॉरमध्ये गेला. दारातून त्याची पाठ दिसत होती. मला रडू फुटणार होतं. मी दादाचा हात धरला, चावल्याची खूण होती तोच. त्यानेही माझा हात दाबला आणि हळू आवाजात म्हणाला, "उद्या सही करशील ना?"

पोलिसाची पाठ अजून दारात होती. ट्रेमध्ये कात्री होती, मी तिच्याकडे पाहिलं. नर्सनेही मला पाहताना पाहिलं आणि ट्रे पलीकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी त्या चष्मेवाल्यासमोर मी एकेक खोकं माझ्या हाताने चिरलं. तुडवलेली बाजूला काढली. आतली कार्डं जशीच्या तशी होती. तो ओशाळून म्हणाला, "सॉरी मॅडम, माल तो एक नंबर है." मी त्याला पाणी दिलं. मग नोटरीकडे गेलो आणि मी सही केली. नव्या मालकाने मला पगारावर काउंटर सांभाळायला विचारलं, कारखाना विकला तरी आतली माणसं कुठे बदलतात म्हणाला. मी त्याला तोंडावर नकार दिला. आता बोर्डावर नाव दुसरं आहे. दादाच्या कामगारांचे पगार झाले, कंत्राटं सुटली, धंदा जगला. मी शारजातल्या अल मजाजच्या घरात बसून लोकांचे फोन घेते आणि त्यांना सांगते, तिकडेच जा, माल तोच आहे.

भाऊबीजेला तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. मुलीने त्याला दार उघडलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "ममा, यू डोन्ट हॅव टू." मी तिला पाट मांडायला सांगितलं.

तो बसला. डोक्यावर रुमाल घेतला. टाके निघाले होते, पण कपाळाच्या मधोमध जखम अजून लाल, कोवळी होती. कुंकू लावायची जागा नेमकी तीच. करंडा तोच होता, दसऱ्याचा. मी अंगठा कुंकवात बुडवला आणि त्या जखमेवर टेकवला, आणि दाबला. चांगला जोर लावून दाबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान त्याने हलवली नाही.

"दुखलं?" मी विचारलं.

"नाही."

"दुखायला पाहिजे होतं," मी म्हणाले, आणि ओवाळायला तबक उचललं.