शिडाच्या फळीवरून पलीकडच्या काठाला

सांगलीहून निघालेली एस.टी. नगर मागे टाकून औरंगाबादच्या रस्त्याला लागली, तेव्हा माझ्या मांडीवर मशीनच्या नकाशांची गुंडाळी होती. छत्रपती संभाजीनगर हे नाव अजून यायचं होतं. वाळूजला नव्या कारखान्यांची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती आणि कारखाने संपले म्हणावं तिथे आणखी एक पाया खणलेला दिसे. शहरात शिरल्यावर मात्र भिंतींवर निळ्या अक्षरांत एकच मागणी होती : विद्यापीठाचं नामांतर झालंच पाहिजे. काही ठिकाणी त्यावर चुना फासलेला, आणि चुन्यावर पुन्हा तीच अक्षरं. हे सगळं मी घरी चहा पिता पिता पेपरात वाचलं होतं. पण मला पाच आठवड्यांत एक मशीन उभं करायचं होतं, तेव्हा मी भिंतींकडे फार वेळ पाहिलं नाही.

मदतीला कारखान्याने सुखदेव दिला. पस्तिशीचा, काटक, कमी बोलणारा फिटर. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला शहागंजात नान खलिया (मसालेदार मटणाचा रस्सा आणि जाड, पिवळसर रोटी) खाऊ घातला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आल्यावर पहिल्यांदा हसला.

"साहेब, पवता येतं का?" त्याने विचारलं.

कृष्णाकाठच्या माणसाला हा काय प्रश्न! मी छाती पुढे काढून हो म्हणालो, आणि तिथेच फसलो.

रविवारी आम्ही पैठणच्या बाजूला नाथसागरावर गेलो. जायकवाडी धरणाचं हे पाणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला समुद्रच आठवला; हिवाळी पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात चरत होते आणि उत्तरेचा गार वारा पाठीवर येत होता. भोयांच्या एका झोपडीतून सुखदेवने एक लांब फळी बाहेर काढली, तिच्या मधोमध डोलकाठी खोचली, काठीला शीड आणि धरायला एक आडवी दांडी बसवली. कारखान्यात आधीच्या एका मशीनबरोबर आलेला परदेशी तज्ज्ञ ही फळी हौसेने घेऊन आला होता. वर्षभर सुखदेव त्याच्याबरोबर पाण्यात पडला, शिकला, आणि जाताना तज्ज्ञ ती फळी त्यालाच देऊन गेला.

शिकणं म्हणजे पडणं. फळीवर उभं राहायचं, पाण्यात पसरलेलं शीड दोरीने ओढून वर घ्यायचं, ते पाण्याने जड झालेलं असतं, कंबर मोडते, आणि वर आलं की वारा असा भरतो की माणूस पाठीवर पाण्यात. त्या सकाळी मी किती वेळा पडलो ते काठावर जाळं विणणाऱ्या भोयालाच ठाऊक. तो प्रत्येक वेळी "अल्ला रे अल्ला!" म्हणे आणि पुन्हा विणायला लागे.

"पडलात तर पडा," सुखदेव सांगे. "फळी सोडायची नाय. फळी हाय तवर मानूस हाय."

मग तो स्वतः फळी घेई. सुसाट पाण्याच्या मध्यापर्यंत जाई, तिथे शीड मागे कलवून, डोलकाठीच्या पुढून छोटी पावलं टाकत अलगद वळे आणि परत येई. समोरच्या काठावर एक गाव दिसत होतं, तिथपर्यंत तो कधीच गेला नाही. पुढच्या रविवारी मी त्याला विचारलं, पलीकडे का जात नाहीस?

तो वाळूत बसून भाकरी खात होता. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"ते गाव आमचंच," तो म्हणाला. "जुनं गाव ह्या पान्याखाली गेलं. धरनवाल्यांनी नवं तिकडं बसवलं."

काही वर्षांपूर्वी नामांतराच्या मागणीवरून गावोगाव पेटलं, तेव्हा त्या नव्या गावातली सुखदेवसारख्या बौद्धांची घरंही पेटली. त्या दिवशी सुखदेवचा लहानपणापासूनचा दोस्त गेनू, धनगराचा, दुपारी त्याच्याकडे आला होता. म्हणाला, आज माझी मेंढरं तुमच्या शेतात बसवतो, तू आणि आबा दोघं शेतावर थांबा. मेंढरं बसवणं म्हणजे लेंडीखतासाठी कळप मुक्कामाला शेतात ठेवणं. गरीब शेतकऱ्याला ही मोठीच भेट. आबांना, म्हणजे सुखदेवच्या वडिलांना, ताप होता. ते घरी राहिले. सुखदेव एकटा शेतावर जाऊन वाट पाहत बसला. मेंढरं आली नाहीत. दिवस मावळताना गावाकडून धूर दिसला. आबा घरातच गेले.

"गेनूला ठावं व्हतं का, एवढंच इचारायचंय," तो म्हणाला. "आमी दोगं एका पाटीवर लिवायला शिकलो. ठावं आसून गप बसला आसंल, तर मला तोंड बघायचं नाय त्याचं. ठावं नसंल, तर एवढी वर्सं म्या उगं घालवली. मधापर्यंत जातो, साहेब. फुडं हातच चालत नाय."

मी त्याच्या पानात चटणी वाढली.

तिसऱ्या रविवारी मी सरळ उभा राहायला शिकलो आणि त्याच आनंदात घात झाला. वारा पाठीमागून आला, शीड भरलं, फळी पळायला लागली, आणि मी ओरडत होतो, "जमलं! जमलं!" वळायचं कसं ते मला येत नव्हतं. मध्य मागे पडला. सुखदेव काठावरून दोन्ही हात हलवत होता, पण पाण्याच्या सळसळाटात त्याचे शब्द मला कळत नव्हते. नवशिक्याला वारा नेतो तिकडे जावंच लागतं. मी फळीला धरून पडत, उठत, कुडकुडत पलीकडच्या काठाला लागलो.

तिथे मेंढरं चरत होती. एक माणूस धावत आला, त्याने मला ओढून घेतलं, अंगावर आपली घोंगडी टाकली आणि शेळीच्या दुधाचा चहा उकळून दिला. मी दोन पेले प्यायलो. तो मात्र फळीकडेच पाहत होता.

"पाव्हनं, ही सुख्याची फळी नव्हं?"

"तुम्ही गेनू का?"

"व्हय." तो खाली बसला. "दर आयतवारी बघतो त्याला. मधापर्यंत येतो न् माघारी जातो. लई वाटतं, हाक मारावी."

तो प्रश्न माझा नव्हता. विचारायचा हक्क मला कुणी दिला नव्हता. तरी मी विचारला : त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं का?

गेनूने पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"ठावं व्हतं. म्हनूनच शेतावर बोलावलं दोगांना. वाटलं, घर जळंल, मानसं वाचतील. खरं सांगितलं आसतं तर माझं घर ठेवलं नसतं कुनी. भ्यालो. मेंढरं घेऊन माळावर गेलो. आबा तापानं घरीच राह्यले, हे मला सकाळी कळलं." मग म्हणाला, "सांगा त्याला. शिव्या द्यायला तरी ये म्हनावं."

तेवढ्यात भोयाची होडी आली. सुखदेव तीत उभा होता. होडी टेकली, पण तो उतरला नाही. गेनू गुडघाभर पाण्यात गेला.

"सुख्या, उतर की."

"वारा वाढतोय," सुखदेव म्हणाला, होडीच्या तळाकडे पाहत. "साहेब, बसा."

पाण्याच्या मध्यावर आल्यावर त्याने मला विचारलं, "काय म्हनाला?"

त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. मला त्याची दया आली. आता वाटतं, मला माझीच दया आली. ते ऐकताना त्याचा चेहरा मला पाहायचा नव्हता.

"त्याला काही ठाऊक नव्हतं," मी म्हणालो. "मेंढरांत रोग शिरला, म्हणून आला नाही म्हणे."

काठावर उतरल्यावर सुखदेवने तोंडावर पाणी मारलं, ते बराच वेळ मारत राहिला.

शेवटच्या रविवारी मला वळता येऊ लागलं. मध्य ओलांडून मी एकटा पलीकडच्या काठाच्या इतका जवळ गेलो की गेनू दिसला. तो पाण्याच्या कडेला उभा राहून घोंगडी हलवत होता. त्याला उत्तर हवं होतं. मी शीड मागे कलवलं, शिकवल्याप्रमाणे पावलं टाकली, आणि अगदी न पडता वळलो. इकडे सुखदेवने टाळ्या वाजवल्या.

मशीन सुरू झालं. परतीच्या दिवशी सुखदेव बस स्टँडवर सोडायला आला. मला खिडकीजवळची जागा मिळवून दिली, पिशवी वर ठेवली, आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. इतका मोकळा मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"साहेब, येत्या आयतवारी म्या जातो पलीकडं," तो म्हणाला. "गेनूकडं च्या पितो. त्याचा काय गुना व्हता? म्याच येडा."

कंडक्टरने घंटी मारली. मी तोंड उघडलं. "जपून जा," एवढंच बाहेर पडलं.

गेनूने भीतीपोटी जे लपवलं, त्याबद्दल त्याला मी मनातल्या मनात दोन आठवडे दोष देत होतो. त्याच्या घराला निदान आगीची धास्ती होती. मला कसलीच नव्हती. नगर येईपर्यंत गाडी चार वेळा थांबली. चारही वेळा मला उतरता आलं असतं. मी जागेवर बसून राहिलो, आणि सांगलीला पोचल्यावर सगळ्यांना शिडाच्या फळीवर उभं कसं राहायचं ते हातवारे करून दाखवलं.